ल्यूनेबुर्गच्या हायडेत दोन दिवस पायी: कधी जायचं, कुठून चालायचं आणि प्राणी कसे बघायचे

ऑगस्टमधला रविवार, दुपारचे बारा, उंडेलोच्या पार्किंगमध्ये गाडी लावायला जागा नाही, घोडागाड्यांची रांग लागलेली आणि त्यांच्या मागे धूळ खात चालणारी शंभरेक माणसं. उत्तर जर्मनीत, हॅम्बुर्गच्या दक्षिणेला असलेल्या या हायडेची माझी पहिली ट्रिप अशी झाली. जांभळी फुलं दिसली, फोटो काढले, संध्याकाळी हॅम्बुर्गला परत आलो आणि दोन दिवसांनी लक्षात आलं की आपण तिथे साधी पालसुद्धा बघितली नाही. नंतर बऱ्याचदा गेलो, मार्चमध्ये गेलो, जूनच्या रात्री गेलो, नोव्हेंबरच्या धुक्यात गेलो. आता कोणी ओळखीचं निघालं की प्रश्न एकच असतो, "फुलं कधी असतात?" म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच टाकू.

आधी ही जमीन काय आहे ते बघा

जर्मनमध्ये हायडे हा शब्द झुडपालाही वापरतात आणि ते झुडूप जिथे वाढतं त्या माळरानालाही. झुडूप म्हणजे हीथर, गुडघ्याच्या आसपास उंचीचं, काटक, बारीक पानांचं. लोकांना वाटतं हे मोकळं रान पहिल्यापासून असंच आहे, पण तसं नाहीये, इथे जंगल होतं. माणसांनी हजारो वर्षं ते तोडलं, खाली रेताड जमीन उघडी पडली आणि त्यावर मेंढ्या चारल्या. मेंढ्या हीथर खातातच, पण बर्च आणि पाइनची कोवळी रोपंही कुरतडतात, त्यामुळे जंगल परत उठत नाही.

आपल्याकडे धनगर वावरात मेंढ्या बसवतात ना, रात्रभराच्या लेंड्या-मुतानं शेताला खत मिळतं म्हणून? इथेही खत शेतालाच द्यायचं होतं, फक्त पद्धत वेगळी. दिवसभर मेंढ्या माळावर चरायच्या, रात्री वाड्यात कोंडायच्या. शेतकरी माळावरची हीथर मुळांसकट, वरच्या मातीच्या थरासकट खरवडून आणायचे, ती वाड्यात मेंढ्यांखाली अंथरायची, लेंड्यांनी भिजली की शेतात टाकायची. म्हणजे माळाचा उरलासुरला कस, म्हणजे सुपीकपणाही, उचलून शेतात गेला. माळ शतकानुशतकं उपाशी राहिला, आणि हीथरला नेमकी अशीच उपाशी जमीन लागते. जरा खत मिळालं की गवत तिला मागे टाकतं. आता तर हवेतून येणारा नायट्रोजनच (गाड्या, शेती, गोठे) जमिनीला नको असलेलं खत घालतो, म्हणून राखणारे लोक आजही कापणी करतात, मशीननं वरचा थर खरवडतात, हिवाळ्यात ठरावीक पट्टे जाळतात. चालताना मध्येच काळाकुट्ट जळलेला नाहीतर उघड्या रेतीचा तुकडा दिसला तर कोणीतरी नासधूस केलीय असं समजू नका, तो मुद्दाम केलेला असतो, हीथरचं बी उघड्या जमिनीवरच नीट रुजतं.

पायवाट जिथे उतारात कापलेली असते तिथे बांधाकडे बघा. वर काळपट थर, त्याखाली राखेच्या रंगाची रेती, त्याखाली गंजल्यासारखा तपकिरी, कधीकधी दगडासारखा घट्ट थर. पावसानं वरच्या थरातलं लोह आणि कुजलेल्या पाल्याचं काळं द्रव्य धुऊन खाली नेऊन बसवलंय. ही जमीन किती धुऊन निघालेली आणि निकस आहे ते एका हातभर उंचीत दिसतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृत्रिम खतं आली, मेंढ्या परवडेनात, लोक माळ विकून पाइनची लागवड करायला लागले. तेव्हा एगेस्टॉर्फ गावचे पाद्री विल्हेल्म बोडे यांनी १९०६ मध्ये पैसे मिळवून टोटनग्रुंड नावाचं खोरं विकत घेतलं. १९०९ मध्ये फेराइन नाटुअरशुट्सपार्क ही संस्था निघाली, तिनं आजूबाजूची जमीन घेत घेत वाढवली, आणि १९२१ मध्ये हा भाग संरक्षित झाला. आज तो सुमारे २३४ चौरस किलोमीटर आहे, पण सगळा जांभळा नाही हां, निम्म्याहून जास्त जंगलच आहे. हे आधीच सांगतो कारण पहिला अर्धा तास पाइनमधून चालताना लोक वैतागतात की रस्ता चुकलो की काय.

कधी जायचं

स्थानिक म्हण आहे की आठव्या महिन्याच्या आठ तारखेपासून नवव्या महिन्याच्या नऊ तारखेपर्यंत फुलं. ८ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर, ढोबळ अंदाज म्हणून बरोबर आहे, पण उन्हाळा कोरडा गेला तर फुलोरा फिका पडतो आणि काही वर्षी हीथर बीटल नावाचा छोटा भुंगा मोठमोठे पट्टे तपकिरी करून टाकतो. फुलांसाठीच जायचं असेल तर ऑगस्टचा तिसरा-चौथा आठवडा, मधला वार, आणि सकाळी आठच्या आत चालायला सुरुवात. शनिवार-रविवारी दुपारी जाणार असाल तर पुढचं सगळं वाचूनही फारसा उपयोग नाही.

प्राणी-पक्षी बघायचे तर मात्र माझं मत अगदी वेगळं आहे. ऑगस्ट हा त्यासाठी सगळ्यात मठ्ठ महिना, पक्षी गाणं थांबवून बसलेले असतात. मार्चचा शेवट आणि एप्रिल सापांसाठी आणि बेडकांसाठी, एप्रिल-मे चंडोलासाठी, मेचा शेवट ते जून रातवा या रात्री उडणाऱ्या पक्ष्यासाठी. एप्रिलमध्ये माळ तपकिरी आणि उदास दिसतो, फोटो कोणी लाईक करणार नाही, पण वाटेवर तुम्ही एकटे असता.

पोचायचं कसं

गाडी नसेल तर श्नेफरडिंगन सगळ्यात सोपं. हॅम्बुर्गहून बुखहोल्त्सला यायचं, तिथून आरबी ३८ ही लोकल श्नेफरडिंगनला जाते, तीच पुढे सोल्टाउवरून हानोवरला. डॉइचलांडटिकीट, म्हणजे लोकल गाड्या-बसचा देशभर चालणारा महिन्याचा पास, चालतो. आतल्या गावांमध्ये जायला जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हायडे-शटल नावाची फुकट बस फिरते, मागे सायकलींचा ट्रेलर असतो. इतर महिन्यांत बसचं काही खरं नाही, तेव्हा गाडी, सायकल किंवा गावातच मुक्काम.

गाडीवाल्यांनी उंडेलो, ड्योले, नीडरहाफरबेक किंवा ओबरहाफरबेकला लावायची, त्यापुढे आत गाड्यांना बंदी आहे. मधलं विल्झेडे गाव तर गाड्यांशिवायच चालतं, तिथे पायी, सायकलनं नाहीतर घोडागाडीनं. भारतातून आई-बाबा आले असतील आणि गुडघे कुरकुरत असतील तर घोडागाडी अगदी घ्या, लाजायचं काही नाही, फक्त जाताना घोडागाडी आणि येताना हळूहळू चालत असं जमलं तर करा.

पहिला दिवस: टोटनग्रुंड, विल्झेडे, डोंगर

उंडेलो ते विल्झेडे हा सगळ्यांचा आवडता रस्ता, एका बाजूनं पाचएक किलोमीटर. मी तो टाळतो, कारण घोडागाड्या तिकडूनच जास्त. गेलातच तर मुख्य रस्ता सोडून राडनबाख ओढ्याच्या खोऱ्याची वाट बघा, तिथे घोडे आणि गुरं मोकळी चरतात.

मी सांगतो तो फेरा ओबरहाफरबेकहून, सगळा मिळून दहा ते बारा किलोमीटर. सकाळी सूर्य उगवायच्या आसपास निघा आणि आधी टोटनग्रुंडच्या कडेला जा. हे वाडग्यासारखं खोल खोरं आहे, जुनिपरची काळपट उभी झाडं माणसांसारखी उभी असतात आणि पहाटे तळाशी धुकं साचतं. नावाचा अर्थ मेलेली जमीन किंवा मेलेल्यांची जमीन असा काहीसा, कोणी म्हणतं नापीक म्हणून, कोणी म्हणतं विल्झेडेहून प्रेतं इथून चर्चला न्यायचे म्हणून. कडेवर पंधरा मिनिटं गप्प बसा. वरूनच बघायचं, खरं सांगायचं तर वरूनच छान दिसतं.

तिथून विल्झेडे एक किलोमीटरभर. नऊच्या आत पोचलात तर गाव रिकामं मिळतं, जुनी गवती छपराची घरं, एका घरात शेतकऱ्यांच्या जुन्या जगण्याचं म्युझियम आहे, डाट ओले हूस नावाचं. माणसं आणि गुरं एकाच मोठ्या छपराखाली कशी राहायची ते आत कळतं. कॉफी-केक मिळतो, थोडी रोख रक्कम जवळ असू द्या.

मग विल्झेडर बेर्ग. डोंगर म्हटलंय पण उंची १६९ मीटर, सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हसू येईल. हसून घ्या आणि मग वर जाऊन चारी बाजूंना बघा, या सगळ्या सपाट मुलखातली हीच सगळ्यात उंच जागा आणि हवा स्वच्छ असेल तर हॅम्बुर्गचे मनोरे दिसतात. गणितज्ञ गाऊसनं हानोवर राज्याची मोजणी केली तेव्हा हा माथाही त्याच्या त्रिकोणांचा एक कोपरा होता. हा डोंगर म्हणजे हिमयुगात बर्फानं ढकलून आणलेला रेती-दगडांचा ढीग. जवळच्या श्टाइनग्रुंडमध्ये विखुरलेले दगडधोंडेही असेच स्कँडिनेव्हियातून बर्फावर बसून आलेले. वेळ असेल तर विल्झेडेहून तिकडे वाकडी वाट करा, टोटनग्रुंडपेक्षा तिथे माणसं कमी असतात.

डोंगरावरून नीडरहाफरबेककडे उतरा आणि गाडीकडे परत. जास्त चालणाऱ्यांसाठी हायडश्नुकनवेग नावाची लांब पायवाट आहे, हॅम्बुर्गच्या फिशबेकपासून सेलेपर्यंत २२३ किलोमीटर. त्यातला उंडेलो ते नीडरहाफरबेक हा चौदाएक किलोमीटरचा टप्पा याच भागातून जातो, खांबांवर एच अक्षराची खूण असते.

एक गोष्ट कोणी सांगत नाही: रेती. घोडागाड्यांनी उकरलेल्या वाटेवर बारा किलोमीटर हे घोट्यांना सोळा वाटतात. बारीक चाकांची बाबागाडी तर रुतूनच बसते, पोराला पाठीवर घ्या. उन्हात सावली फार कमी, आणि वाटेत नळ वगैरे नाहीत, माणशी दीड लिटर पाणी न्याच. फोनमध्ये मॅप आधी डाउनलोड करून ठेवा.

दुसरा दिवस: दलदल आणि रणगाड्यांचा माळ

श्नेफरडिंगन स्टेशनवरून पीट्समोर या दलदलीला चालत पाऊणएक तास. हा फेरा साधारण पाच किलोमीटर, बराचसा लाकडी फळ्यांच्या पुलावरून, कारण खाली पाणी आणि स्पंजसारखं शेवाळ. पूर्वी इथून जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर, काढायचे, त्याचे चौकोनी खड्डे आता काळ्या पाण्यानं भरलेत. पाणी वाहून नेणारे चर बुजवले म्हणून दलदल परत जिवंत झाली.

इथे वेगानं चालाल तर काहीच दिसणार नाही. फळीच्या कडेला उकिडवे बसा, लालसर केसांचं, थेंब चिकटलेलं नखाएवढं पान दिसतंय का बघा, ते दवबिंदू, आपल्या कासच्या पठारावर दिसतं त्याच कुळातलं किडे खाणारं रोप. कारण तेच, जमिनीत खायला काही नाही मग किडे धरा. मेमध्ये कापसासारख्या पांढऱ्या बोंडांचं गवत सगळीकडे डुलतं. पाण्याच्या कडेला हीथरची बहीण सापडते, घंटेसारख्या गुलाबी फुलांची, ती जूनपासूनच फुलते. मार्च-एप्रिलमध्ये नशीब जोरावर असेल तर मूर फ्रॉग नावाच्या, दलदलीतल्या बेडकाचे नर निळे झालेले दिसतात, खरंच आकाशी निळे, फक्त थोडे दिवस. आवाज म्हणजे रिकामी बाटली पाण्यात बुडवल्यावर बुडबुड होते तसा.

दलदलीला लागूनच ओस्टरहायडे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९९४ पर्यंत इथे ब्रिटिश रणगाडे सराव करायचे, सगळा माळ चिरडून नुसती रेती उरली होती. ते गेल्यावर हीथर परत आणली. आज तिथे उभं राहून हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. फुलांच्या हंगामात विल्झेडेऐवजी इथेच या असं मी सगळ्यांना सांगतो, रंग तोच आणि गर्दी निम्मी. शेजारीच ह्योपनला हीथरची बाग आहे, वेगवेगळ्या जातींचे पट्टे लावलेत, वर्षभर काही ना काही फुललेलं असतं, पण ती बागच, रान नव्हे, अर्धा तास पुरे.

प्राणी बघायचे तर

मला शिकायला सगळ्यात वेळ इथे लागला. माळावर हरणांचे कळप वगैरे काही नसतात, इथलं बरंचसं जग घोट्याच्या खाली आहे. उघड्या रेतीची वाट दिसली की थांबा. रेतीत छोटी भोकं असतात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे हीथरच्याच परागांवर जगणाऱ्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या ये-जा करतात, त्या तुमच्या मागे लागत नाहीत, घाबरू नका. पुढे पुढे उडून बसणारा हिरवा चकचकीत किडा म्हणजे टायगर बीटल, त्याच्या जवळ जायचं तर सावली पडू द्यायची नाही. काळे शेणकिडे तर मेंढ्या आणि घोड्यांच्या कृपेनं जागोजागी.

साप. इथला विषारी साप म्हणजे क्रॉयत्सओटर, आपल्या घोणसच्या कुळातला पण फार छोटा, हात-दीड हात लांब, पाठीवर नागमोडी पट्टा, डोळ्याची बाहुली उभी. मार्चच्या शेवटी, सकाळी नऊ ते अकरा, थंड हवेत ऊन पडलं की तो हीथरच्या कडेला, कधी फळ्यांवरही वेटोळं करून पडलेला असतो. उन्हाळ्यातल्या दुपारी शोधू नका, तो सावलीत गेलेला असतो. हळू चाला, वाटेच्या उन्हाकडच्या कडेवर पाच पावलं पुढे नजर ठेवा. त्याच्यासारखाच दिसणारा बिनविषारी साप इथे आहे, त्याची बाहुली गोल असते, पण ती तपासायला जवळ जायचं नाही, दुर्बीण कशाला आणलीय! चावण्याच्या घटना क्वचित होतात आणि बहुतेक वेळा माणसानं हात घातलेला असतो. चावलाच तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काहीही न करता हात-पाय स्थिर ठेवून ११२ ला फोन.

पक्ष्यांमध्ये हायडेचा स्वतःचा आवाज म्हणजे हायडेलेर्खे, चंडोलाचा भाऊबंद. उंच उडत उडत एकच सूर खाली खाली सांडत आणतो, लुलुलुलु असा. मार्चपासून ऐकू येतो, रात्रीसुद्धा. गप्पीदास झुडपाच्या टोकावर बसून दोन खडे एकमेकांवर आपटल्यासारखा आवाज करतो, त्याला शोधावं लागत नाही. हिवाळ्यात एकट्या झाडाच्या शेंड्यावर राखाडी-पांढरा पक्षी दिसला तर तो मोठा खाटीक असू शकतो, उंदीर-किडे काट्यात टोचून ठेवणारा. काळ्या रानकोंबड्याची, म्हणजे बिर्कहूनची, संख्या इथे फार घटलीय, त्यामुळे त्याला शोधत आडवाटेला घुसू नका. वसंतात एकदा दचकवून उडवला की त्याची पूर्ण सकाळ गेली.

लांडगेही आहेत या भागात. दिसण्याची शक्यता नगण्य, दिसला तर पळायचं नाही, उभं राहून मोठ्यानं बोलायचं आणि सावकाश मागे सरकायचं. मेंढ्यांभोवतीच्या जाळीला हात लावू नका, त्यात करंट असतो, तो लांडग्यासाठीच.

आणि मेंढ्या. हायडश्नुके ही इथली जात, राखाडी अंग, काळं तोंड, नर-मादी दोघांनाही शिंगं, कोकरं मात्र जन्मतात काळीभोर. मेंढपाळ साधारण सकाळी उशिरा कळप बाहेर काढतो आणि संध्याकाळी वाड्यात आणतो, तेव्हा वाड्याजवळ थांबलात तर पूर्ण कळप अंगावरून गेल्यासारखा जातो. कुत्रा काम करत असतो, त्याला हाका मारू नका. मेंढपाळ सांगतात की चरताना मेंढ्या झुडपांमधली कोळ्यांची जाळी मोडतात, म्हणून मधमाश्यांना फुलापर्यंत जाता येतं. दवाच्या सकाळी ती हजारो जाळी चमकताना बघितली की पटतं. मध घेणार असाल तर हायडेचा मध घ्या, जेलीसारखा घट्ट असतो, ढवळला की पातळ होतो आणि ठेवला की पुन्हा घट्ट, पोळ्यातून तो सहज निघतही नाही.

नियम आणि गोचीड

वाट सोडायची नाही, कारण चंडोल आणि रातवा जमिनीवरच अंडी घालतात आणि अंडी पायाखाली आली तरी तुम्हाला कळणारसुद्धा नाही. कुत्रा कायम पट्ट्याला, ड्रोन नाही, तंबू नाही, हीथरचा तुरा तोडायचा नाही. १ मार्च ते ३१ ऑक्टोबर माळावर, दलदलीत आणि जंगलात सिगारेटसुद्धा ओढायला बंदी आहे, उन्हाळ्यात ही झुडपं काडेपेटीसारखी पेटतात.

सापापेक्षा मला गोचिडाची भीती जास्त. लांब पँट, ती मोज्यात खोचलेली, दिसायला वाईट पण उपाय चांगला. घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला तपासा. सापडला तर चिमट्यानं कातडीला टेकवून धरून सरळ ओढून काढा, तेल-बिल लावत बसू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल गोल दिसला तर डॉक्टरकडे, गोचिडातून होणाऱ्या लाइम रोगावर अँटिबायोटिक असतं. गोचिडाची लस म्हणून जी देतात ती मेंदूच्या वेगळ्या आजारावर आहे, लाइमवर नाही, हा गैरसमज फार आहे.

जमलं तर एक रात्र राहा

मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये, वारा नसलेली उबदार संध्याकाळ बघून गावातच खोली घ्या. सूर्य मावळल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं माळ आणि पाइनचं जंगल जिथे भेटतं तिथे वाटेवर उभे राहा. टॉर्च बंद. आधी काहीच नसतं, मग लांबून शिलाई मशीन चालल्यासारखी एकसुरी घरघर सुरू होते आणि मिनिटं-मिनिटं थांबत नाही, तो रातवा. तो आवाज बदलला की वर बघा, नर टाळ्या वाजवल्यासारखे पंख आपटत डोक्यावरून जातो, पंखांवरचे पांढरे ठिपके अंधारातही दिसतात. मोबाईलवर त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून बोलवायचा प्रकार काही लोक करतात, ते करू नका, तो तुम्हाला दुसरा नर समजून अंड्यांवरची शांतता घालवून बसतो. आणि जूनमध्ये शटल सुरू झालेली नसते, एकदा मी रातव्याच्या नादात रात्री अकरा वाजता टॉर्चच्या उजेडात सहा किलोमीटर चालत खोलीवर गेलो, तेव्हा टॉर्चची बॅटरी निघण्याआधीच बघून घ्या.